रिव्हर्समध्ये शून्य

सिस्टरांना या सगळ्यातून नवीन असं काही मिळणार नव्हतं. जे हातात होतं ते हातात राहणार होतं, इतकंच: एक किल्ली, आणि त्या किल्लीने सुरू होणारी बावीस वर्षांची निळी गाडी, जिचा निळा रंग छतावर उन्हाने पांढुरका पडला होता. मिळणार होतं ते त्यांच्या मुलाला. गाडी विकली गेली की इमारतीखालची छपराची जागा रिकामी होणार, आणि त्याची नवीकोरी ऑटोमॅटिक गाडी, जी रोज रस्त्यावर उन्हात तापत उभी असायची, ती सावलीत येणार. शिवाय एकाहत्तर वर्षांची आई चढावर गाडी बंद पडून बसली आहे, असे फोन ऑफिसात येणं थांबणार. आईची काळजी आणि सावलीची जागा या दोन गोष्टी त्याच्या मनात इतक्या जवळजवळ ठेवलेल्या होत्या की बोलताना आपण नेमकी कुठली उचलली हे त्याचं त्यालाही कळत नसावं.

मला मिळायचं ते मिळतच होतं. मी गाड्यांचे सुटे भाग विकतो. माझ्या दुकानाच्या समोर सिस्टरांच्या दोन भाच्यांचं गॅरेज आहे, आणि त्या गॅरेजमध्ये जितका गोंधळ, तितकी माझी विक्री.

बाप गेल्यावर या दोघा भावांनी गॅरेजच्या मधोमध पिवळी रेघ ओढली. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही धड सांगता येत नाही, पण रेघ दरवर्षी नव्याने रंगवली जाते, तीही आळीपाळीने. रेघेच्या डावीकडे थोरला: चाकं, स्प्रिंगा, शॉकअप, स्टिअरिंग, थोडक्यात गाडीचं कमरेखालचं सगळं. उजवीकडे धाकटा: इंजिन आणि इंजिनाला चिकटलेलं सगळं. वाद राहू नये म्हणून आणखी एक कलम होतं. चालती गाडी थोरल्याची, उभी गाडी धाकट्याची. म्हणजे रस्त्यावर चक्कर मारून बघायची ती थोरल्याने, कारण रस्ता आणि चाकं एका खात्यातली. आणि जागच्या जागी इंजिन सुरू करून ऐकायचं ते धाकट्याने.

बापाचे पानेही असेच वाटले गेले. सम आकड्यांचे थोरल्याला, विषम आकड्यांचे धाकट्याला. जुन्या घडणीचे, जाड, हातात घेतले की मनगटाला वजन कळावं असे पाने होते ते. वाटणीच्या दुसऱ्या दिवशी एक भाऊ माझ्याकडे दहाला आला आणि विषम आकडे घेऊन गेला. दुसरा साडेदहाला आला आणि सम घेऊन गेला. दोघांनी मिळून माझ्याकडचा एक अख्खा सेट नेला. अशा वेळी समोरच्या दुकानदाराने जरा वाईट वाटल्यासारखा चेहरा करायचा असतो. मी केला.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचंच झालं तर मधे एखादं गिऱ्हाईक धरतात. "तिकडे सांगा, गाडी सोडली म्हणून." "त्यांना म्हणावं, बघितली." दोघांत अंतर सात पावलांचं.

सिस्टर म्हणजे त्यांची आत्या. चौतीस वर्षं हॉस्पिटलात काढली, शेवटची बारा हेड सिस्टर म्हणून. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते, फक्त हे दोघं आत्या म्हणतात. निवृत्त झाल्यावर बाईंनी घरी बसावं अशी मुलाची इच्छा होती. बाईंनी त्याऐवजी चार घरं धरली. चारही घरांत अंथरुणाला खिळलेली माणसं. एक दिवसाआड जाऊन त्यांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. चारही घरं गावाच्या वरच्या अंगाला, जिथे बस जात नाही आणि रिक्षावाला आधी चढ बघतो, मग भाडं सांगतो. किल्ली गेली की ती चार घरं गेली. हे सिस्टर कधी बोलून दाखवायच्या नाहीत, पण पट्ट्यांची पेटी मागच्या सीटवर कायम असायची.

गाडीला दोन तक्रारी होत्या. पुढून डावीकडून 'खट्' असा आवाज यायचा, आणि चालता चालता इंजिन बंद पडायचं. दोन तक्रारी, रेघेच्या दोन बाजू, दोन भाचे. इतका सोयीस्कर हिशेब कोणाला आवडणार नाही? थोरल्याने 'खट्' घेतलं, धाकट्याने 'बंद' घेतलं.

महिनाभरात थोरल्याने आधी लिंक रॉड बदलले, मग बुश, मग पुढचे दोन्ही शॉकअप. धाकट्याने प्लग बदलले, फिल्टर बदलला, मग फ्युएल पंप. सगळं माझ्याकडून गेलं. आवाज तसाच राहिला आणि गाडी बंद पडायची तशी पडतच राहिली.

शेवटी मुलाने विषयाचा निकाल लावायचं ठरवलं. "रविवारी दहाला माझा मित्र गाडी बघायला येतोय," तो आईला म्हणाला. "त्याच्यासमोर पाण्याच्या टाकीच्या चढावर ने. एकदा जरी बंद पडली, तर किल्ली त्याच्या हातात. नाही पडली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

"लिहून देतोस?" सिस्टरांनी विचारलं.

"आई, मी मुलगा आहे तुझा."

"म्हणून तर विचारतेय."

लिहून काही दिलं नाही, पण शब्द दिला. हे बुधवारी झालं. गुरुवारी सकाळी निळी गाडी पुन्हा गॅरेजच्या दारात. मी तेव्हा थोरल्याकडे दुसऱ्याच एका गाडीचे ब्रेक लायनर द्यायला गेलो होतो. ते देऊन निघणारच होतो, पण सिस्टर उतरल्या तो चेहरा बघून थांबलो. वॉर्डात राउंडला आलेल्या डॉक्टरपेक्षा ज्या चेहऱ्याला सगळे जास्त घाबरायचे म्हणतात, तो तो असावा.

"आत्या, खालचं एकूण एक नवं आहे आता," थोरला हात पुसत म्हणाला. "गाडी नाचवलीस तरी आवाज येणार नाही."

"येतोय."

"कुठे येतोय?"

"गाडीत येतोय. तुझ्या बोलण्यात तेवढा येत नाही."

तिकडून धाकटा म्हणाला, "इंजिन घड्याळासारखं चालतंय. परवा अर्धा तास चालू ठेवून बघितलं. जरा म्हणून अडखळलं नाही."

"उभ्या जागी."

"मग काय, तिच्या शेजारून पळत पळत बघू?"

"जिना चढताना धाप लागते म्हणणाऱ्या पेशंटला मी कॉटवर झोपवून नाडी बघत नाही," सिस्टर म्हणाल्या. मग थोरल्याकडे वळल्या. "आणि तू? तू रस्त्यावर नेलीस ना? तुझ्या हातात बंद पडली की नाही?"

"पडली की. दोनदा."

"मग बोलला का नाहीस?"

थोरल्याने खांदे उडवले. "इंजिन आहे ते. मी कोण बोलणारा?"

सिस्टरांनी दोघांकडे एकेकदा बघितलं. वॉर्डात दोन डॉक्टर एकाच पेशंटच्या दोन टोकांना उभे राहून आपापल्या टोकाबद्दल समाधानी आहेत, असं काहीतरी त्यांना दिसलं असावं. त्यांनी पर्समधून एक वही काढली. शंभर पानी, वर नाव नाही, आत पट्टीने आखलेले रकाने. तारीख, जागा, चढ की सपाट, कितवा गियर, आवाज, बंद. प्रत्येक ओळीत बारीक, सरळ अक्षर. पेशंटचा ताप मांडावा तसा त्यांनी महिनाभर गाडीचा आजार मांडला होता.

"तेवीस वेळा बंद पडली," त्या म्हणाल्या. "पहिल्या गियरला एकोणीस, दुसऱ्याला चार. त्यातल्या सतरा चढावर. रिव्हर्समध्ये शून्य."

"रिव्हर्स तू करतेस किती?" धाकट्याने विचारलं.

"रोज. आमचं छप्पर खालच्या अंगाला आहे. बाहेर पडायचं तर रिव्हर्समध्ये चढ चढूनच पडावं लागतं. इथल्यापेक्षा उभा चढ आहे तो. एकदाही बंद पडली नाही. आणि हा रकाना बघ. तेवीसच्या तेवीस वेळा आधी खट्, मग बंद. एकदाही उलटं नाही."

मी मनातल्या मनात मोजत होतो. गॅरेजमध्येही ती गाडी थोरल्याच्या बाजूने धाकट्याच्या बाजूला जायची ती नेहमी रिव्हर्सने, कारण लिफ्टवरून उतरली की तोंड भिंतीकडे असायचं. म्हणजे जिथे ती बंद पडायची तिथे धाकटा नसायचा, आणि जिथे धाकटा असायचा तिथे ती बंद पडायचीच नाही. महिनाभर दोघं एकमेकांना चुकवत होते आणि गाडी दोघांना चुकवत होती.

"ताप आणि पुरळ एकाच वेळी आले तर मी मूल दोन दवाखान्यांत नेत नाही," सिस्टर म्हणाल्या. "गाडी रेघेवर घ्या."

"रेघेवर?" थोरला म्हणाला.

"अर्धी तुझ्याकडे, अर्धी त्याच्याकडे. काय, रंग ओला आहे?"

असं आजवर झालं नव्हतं. धाकट्याने, थट्टेने नाही, खरोखरच्या अडचणीतून विचारलं, "पण आत्या, चालती धरायची की उभी?"

"चालायला निघालेली आणि धरून ठेवलेली."

या प्रकाराला करारात कलम नव्हतं. त्यामुळे कोणाला हरकत घेता येईना.

गाडी रेघेवर आली. थोरल्याने चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले आणि हँडब्रेक स्वतः शेवटच्या दात्यापर्यंत ओढला. सिस्टर स्टिअरिंगवर बसल्या. बॉनेट उघडलं. "समोर कोणी उभं राहायचं नाही," त्या आतून म्हणाल्या, "तू डावीकडून बघ, तू उजवीकडून." मी ठोकळ्यांपासून बराच लांब, दाराशी उभा राहिलो. माझा विमा नाही.

इंजिन सुरू झालं. गरीब, समंजस आवाज. धाकट्याने मान हलवली, बघा, असं. मग सिस्टरांनी पहिला गियर टाकला, थोडी रेस दिली आणि क्लच हळूहळू सोडत आणला, जेमतेम पकड येईपर्यंत.

इंजिन जागच्या जागी उठलं. खुर्चीत बसलेला माणूस कोणीतरी हाक मारल्यावर मागे रेलून बघतो तसं ते अख्खं धूड मागे कललं, आणि खट्. थोरल्याची मान एकदम वर आली. त्याच क्षणी धाकट्याचा हात आपोआप पुढे गेला. हवेच्या फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप ताणला गेला होता आणि त्याच्या पोटाखाली, जिथे उभ्याने कधी दिसणार नाही अशा जागी, एक चीर तोंडासारखी उघडली होती. तिथून हवा शिट्टी घालत आत शिरली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

"चोवीस धरू नका," सिस्टर आतून म्हणाल्या. "ही तपासणी होती. आता रिव्हर्स."

रिव्हर्समध्ये इंजिन उलट्या बाजूला कललं. चिरेची दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट मिटली. आवाज नाही, शिट्टी नाही, इंजिन मजेत.

"पुन्हा पहिला," आता धाकटाच म्हणाला. या वेळी त्याने चीर तळव्याने गच्च दाबून धरली. इंजिन उठलं, खट् झालं, हललं, थरथरलं, पण बंद पडलं नाही. थोरला टॉर्च घेऊन खाली वाकला होता. बऱ्याच वेळाने तो उठला तेव्हा नाकावर काळं लागलं होतं.

"माउंटिंग फाटलंय," तो म्हणाला. "रबर पार सुटलंय. इंजिन उचललं की लोखंड लोखंडावर आपटतं. तो आवाज शॉकअपचा नाहीच."

"आणि इंजिन उचललं की पाइप ताणतो, चीर उघडते, मोजून न घेतलेली हवा आत जाते," धाकटा म्हणाला. "मग पेट्रोल कमी पडतं आणि बंद." दोघंही आत्याकडे बघून बोलत होते, पण वाक्यं एकमेकांच्या पाठोपाठ लागत होती.

"माउंटिंग कोणाच्या खात्यात येतं?" मी दारातून विचारलं. अगदी साधेपणाने.

उत्तराला जागाच नव्हती. माउंटिंग म्हणजे इंजिन जिच्यावर बसतं ती रबरी बैठक. तिचा एक पाय इंजिनात, एक पाय गाडीच्या सांगाड्यात. वाटणीच्या वेळी गाडीचा प्रत्येक भाग कोणाला ना कोणाला मिळाला होता. हा एक दोघांच्याही यादीतून सुटला होता, आणि बहुधा तेव्हापासून या गॅरेजमध्ये आलेल्या एकाही गाडीचं माउंटिंग कोणी बघितलं नव्हतं.

त्या मॉडेलचं माउंटिंग माझ्याकडे वरच्या फळीवर नऊ वर्षं पडून होतं. मी ते धूळ झटकून आणलं आणि नुकतंच मागवल्यासारखं पुढे ठेवलं. पाइप मात्र नव्हता. फोन केला तर म्हणाले, सोमवारी.

"सोमवारचं मी सोमवारी बघेन," सिस्टर म्हणाल्या. "आधी हे बसवा."

माउंटिंगचे वरचे दोन बोल्ट चौदा नंबरचे आणि खालचा मोठा सतराचा. थोरल्याकडे बापाचा चौदा होता. वरचे दोन त्याने कुरकुर न होता सोडवले. खालच्या सतराला त्याने माझ्याकडून घेतलेला पाना लावला. बोल्ट बावीस वर्षांचा गंजलेला. थोरल्याने अंगचं वजन टाकलं. पाना सुटला. बोल्ट नाही, पाना. त्याचं तोंड फाकलं आणि थोरल्याची बोटं सांगाड्यावर सोलून निघाली.

त्याने तो पाना उजेडात धरला, फाकलेलं तोंड बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी बाहेर रस्त्याकडे बघत होतो.

सिस्टरांनी पेटीतून कापूस काढला. तेवढ्यात धाकटा आपल्या बाजूच्या फळ्याशी गेला आणि परत आला. त्याच्या हातात बापाचा सतरा होता. तो त्याने दिला असं म्हणता येणार नाही. त्याने तो बॉनेटच्या कडेवर ठेवला, थोरल्याच्या हाताला लागेल इतक्या अंतरावर, आणि स्वतः इंजिनाखालच्या जॅकशी जाऊन बसला. गेल्या सहा वर्षांत दोघांत झालेलं पहिलं संभाषण मी शब्दशः ऐकलं, ते असं:

"वर घे."

"किती?"

"दोन दाब."

"आता?"

"अर्धा खाली. बास."

मग बोल्टने एकदा कर्रर्र असा आवाज केला आणि फिरला. जुना पाना होता तसाच राहिला.

पाइपचं काम सिस्टरांनी कोणाला करू दिलं नाही. पाइप काढून आणवला, चीर स्पिरिटने पुसली, वाळू दिली. माझ्याकडून स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी घेतली, आणि मुरगळलेल्या घोट्याला बांधतात तशी बांधली: एक वेढा वरून, एक खालून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर, सुरकुती कुठे नाही. "घट्ट नको, पण सैल तर नकोच," त्या स्वतःशी म्हणाल्या. धाकटा बघत राहिला. "आत्या, आम्ही नुसतं गुंडाळतो," तो म्हणाला. "म्हणून तुमचं सुटतं," त्या म्हणाल्या. दोन टोकांना दोन क्लॅम्प बसले. "सोमवारपर्यंत पेशंट चालेल. धावायला लावू नका."

शुक्रवारी आणि शनिवारी मिळून टाकीच्या चढावर त्यांनी अकरा वेळा गाडी थांबवून पुन्हा उचलली. एकदा शेजारी थोरला, एकदा धाकटा, कारण चालत्या गाडीचं कलम तूर्तास स्थगित होतं. वहीत अकरा ओळी वाढल्या. आवाजाच्या रकान्यात अकरा आडव्या रेघा, बंदच्या रकान्यात अकरा आडव्या रेघा.

रविवारी दहाला मुलगा आणि त्याचा मित्र आले. मित्र सडपातळ, चष्मेवाला, गाडीपेक्षा टायरकडे जास्त बघणारा. मुलगा पुढे आईशेजारी बसला, मागे मित्र, आणि तिऱ्हाईत साक्षीदार म्हणून मी. तिऱ्हाईत हा शब्द मुलाने वापरला. महिनाभरात या गाडीवर मी काय काय विकलं ते त्याला माहीत नव्हतं. दोघे भाचे गॅरेजच्या दारात उभे राहिले, एक रेघेच्या इकडे, एक तिकडे.

चढाच्या मधोमध सिग्नल आहे. लाल लागला. गाडी थांबली. मागे ट्रक येऊन टेकला, त्याचा ड्रायव्हर आरशात दात दिसतील इतका जवळ. हिरवा झाला. सिस्टरांनी क्लच सोडला आणि गाडी निघाली, खट् नाही, काही नाही. त्यांनी वळसा घालून पुन्हा आणली. पुन्हा लाल, पुन्हा हिरवा, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही.

मुलाच्या डोळ्यांसमोरून छपराची सावली हळूहळू सरकत चालली असावी. "तुझा हात बसलाय तिच्यावर," तो म्हणाला. "सरक, मी बघतो."

"बघ."

वरच्या सपाटीवर जागा बदलल्या. मुलाने गाडी खाली आणली, वळवली आणि चढावर घेतली. सिग्नलला थांबला. हिरवा झाला. गाडीने एक हिसका दिला, दुसरा दिला आणि बंद पडली.

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. मुलाने हात स्टिअरिंगवरून उचलले, जणू त्याने काहीच केलं नाही हे सगळ्यांना दिसावं. "बघितलंस?" तो म्हणाला. आवाजात खंत होती, पण खंतीखाली काहीतरी आरामात पाय पसरून बसलं होतं.

सिस्टरांनी मागे वळून बघितलं नाही. "आधी खट् झालं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"बंद पडण्याआधी आवाज आला का?"

"आवाजाचं काय घेऊन बसलीस, आई. बंद पडली ना? ठरलं होतं ना?"

"अरे," मागून मित्र म्हणाला, "क्लच एकदम सोडलास तू."

"मी?"

"पाय उचललास धाडकन. ऑटोमॅटिक चालवून चालवून विसरलायस. चूक गाडीची नाही, तुझ्या डाव्या पायाची आहे."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"मी गाडी बघायला आलोय," मित्र चष्मा सावरत म्हणाला. "बघितली. चांगली आहे."

मी त्याचा हिशेब करून पाहिला. गप्प बसला असता तर दोन मिनिटांत किल्ली त्याच्या हातात होती. बोलून त्याला मिळालं काय? काही नाही. अशी माणसं माझ्या धंद्यात फार भेटत नाहीत, त्यामुळे मला जरा अस्वस्थ वाटलं. गॅरेजपाशी उतरल्यावर तो सिस्टरांना म्हणाला, "काकू, तरी कधी विकायची झाली तर आधी मला सांगा, ठरल्यापेक्षा जास्त देईन," तेव्हा कुठे माझा जीव थाऱ्यावर आला.

"नाही होणार," सिस्टर म्हणाल्या. मग मुलाकडे वळून त्यांनी वही आणि पेन पुढे केलं. "लिही."

"काय लिहू?"

"चोविसावी. तारीख घाल. चढ. पहिला गियर. आवाज, नाही. बंद, हो. शेवटच्या रकान्यात लिही, पेशंटचा दोष नाही. आणि खाली सही."

बॉनेटवर वही ठेवून त्याने लिहिलं. आईसमोर उभं राहून शुद्धलेखन लिहिताना असतो तसा त्याचा चेहरा होता. सही करून पेन परत देताना तो म्हणाला, "निदान चढावर जाताना मला फोन तरी करत जा." सिस्टरांनी त्याच्या गालावर एक हलकी चापट मारली. "करते. चढून गेल्यावर."

आता शेवटची बेरीज. सिस्टरांनी पैसे दिले ते माउंटिंगचे, पट्टीचे आणि सोमवारी आलेल्या पाइपचे. शॉकअप, लिंक, प्लग, पंप यांचे द्यायला त्यांनी साफ नकार दिला. "चुकीच्या पेशंटला दिलेलं इंजेक्शन मी कधी बिलात लावलं नाही," असं म्हणाल्या. ते दोघा भावांनी भरले. कोणी किती भरायचे यावर एक दुपार गेली, आणि ती दुपार दोघांनी समोरासमोर बसून घालवली. मुलाने भरली ती सावली: त्याची ऑटोमॅटिक अजून रस्त्यावर उभी असते, दुपारी स्टिअरिंगला हात लावायचा तर रुमाल गुंडाळावा लागतो.

रेघ तशीच आहे. यंदा रंग कोणाचा, हे दोघांनाही आठवत नाहीये, म्हणून ती जरा पुसट झाली आहे इतकंच. बाकीचे पाने आपापल्या बाजूला आहेत, सम इकडे, विषम तिकडे. फक्त चौदा आणि सतरा एका पत्र्याच्या डब्यात, बरोबर रेघेवर ठेवलेले असतात. फाकलेला सतरा थोरल्याने मला परत आणून दिला आणि काही बोलला नाही, त्यामुळे मला त्याचे पैसे परत करावे लागले. परवा धाकट्याने माझा चौदाही आणून ठेवला. तो फाकलेला नव्हता. त्याचेही दिले.